दोन दोरांमधला आवाज

अक्रा, ३ मार्च २०१९

प्रिय मामा,

फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी इतकी ओरडले की शेजारीण भांडण सोडवायला धावत आली. तू म्हणतोस, फोनच बहिरा आहे. असेल बाबा. म्हणून हे पत्र मासळी न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती धाडतेय.

परवाची गोष्ट. आशायमानला जायला ट्रोट्रोच्या खचाखच गाडीत बसले होते. दुपारचं ऊन, खिडकीतून गरम वारा, शेजारणीच्या मांडीवर दोन कोंबड्या. माझा डोळा लागला. आणि झोपेतच मला कुणीतरी ओढायला लागलं. हळू. मग थांबलं. मग पुन्हा ओढलं. जाग आली तर ड्रायव्हरच्या फोनवर गाणं चाललेलं. गाणं तरी कसं म्हणू, ना ढोल ना गिटार. लाटा, ओल्या दोराची करकर, आणि एका बाईचा आवाज. लांब हाक, लांब हाक, मग एक श्वासभर काहीच नाही, मग छोटी हाक. त्या श्वासभराच्या जागेत अख्खी गाडी गप्प होत होती, कोंबड्यासुद्धा. माझा थांबा कधी गेला ते कळलंच नाही.

ड्रायव्हरला विचारलं, "कुणाचं रे हे?"

"कुणाला ठाऊक, ताई. ओसेकोच्या मासळीवाल्याकडून माझ्या फोनात आलं. मी रोज लावतो. ते चालू असलं की लोक माझ्याशी भांडत नाहीत."

ओसेको म्हणजे तुझा किनारा, तुझी रापण! मामा, ही बाई कोण?

माझं काम म्हणजे तुझ्या लेखी "पोरगी गाणी गोळा करत हिंडते" एवढंच आहे, आणि ते खरंही आहे. बाजारात, गाडीतळावर, लग्नात कोण नवं गातंय ते ऐकायचं, शनिवारच्या रेडिओच्या तासात लावायचं, नेटवर टाकायचं, मग डीजे लोकांच्या दारात जाऊन बसायचं. आमच्याकडची नवी गाणी आता जगभर वाजतात, पण जी वाजतात ती ठरावीक दहा जणांची. बाकीच्यांची हाक कुणी पोचवायची? या ऑगस्टात सणाला इथल्या किनाऱ्यावर मोठा जलसा आहे. आयोजक म्हणाले, "माम्ले, या वर्षी एक नवा आवाज तू आण. शेवटी त्यालाच उभं करू." मला तो आवाज सापडलाय असं वाटतं. फक्त नाव हवंय.

मामीला सांग, धुरात फार बसू नको.

तुझी
माम्ले

*

ओसेको, १५ मार्च

माम्ले पोरी,

पत्र मिळालं. वाचून हसलो. मामीला वाचून दाखवलं तर ती मासेच उलटत बसली.

अशी कुणी बाई इथं नाही. या किनाऱ्यावर हाकाऱ्या एकच, तुझा आंगमोरमामा. माझ्या मामानं मला ही जागा दिली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. रापणीचे दोन दोर किनाऱ्यावर एकमेकांपासून इतके दूर येतात की या दोराच्या माणसाला त्या दोराचा माणूस ओळखू येत नाही. एका दोरानं जरा घाई केली की जाळ्याचं तोंड फिरतं आणि मासे आपल्याला राम राम करून निघून जातात. म्हणून मधे मी उभा. तोंड समुद्राकडे, डोळे मिटलेले. मी हाक देतो, दोन्ही दोर एकदम चालतात. डोळे मिटले की मला आत जाळं दिसतं बघ, पाण्याखाली हळूहळू येणारं, पोटात चांदी घेऊन. एवढं मोठं काहीतरी आपल्या हाकेवर झोपेतल्या मुलासारखं मुकाट चालत येतंय, हे सुख तुझ्या शहरात नाही.

तेव्हा तू ऐकलास तो माझाच आवाज. त्या गाडीवाल्याच्या फोननं तो बारीक केला असेल. फोनांचं काही खरं नाही हे मी तुला कधीपासून सांगतोय.

आणि एक सांगतो. गेली दोन वर्षं जाळं जितकं सरळ येतंय तितकं माझ्या मामाच्या काळातही येत नव्हतं. म्हातारपणी माणसाचा आवाज पिकतो म्हणतात ते खोटं नाही. तुला नवा आवाजच हवा असेल तर दुसरीकडे बघ. जुना हवा असेल तर मामा तयार आहे, फक्त मंचावर वाळू घालून ठेव.

तारल्या धाडतोय, मामीनं धुरवल्यात. आपल्या मक्याच्या केंकीबरोबर खा, त्या पावाबरोबर नको.

तुझा
आंगमोरमामा

*

अक्रा, २४ मार्च

मामा,

तारल्या संपल्या आणि राग अजून आहे.

मी तुझ्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झाले. तुझा आवाज मला ओळखू येत नाही होय? तुझी हाक छातीतून येते. ही नाकाच्या थोडी वरून येते, पातळ आणि लांब. बाई आहे ती. आणि तू तिला लपवतोयस. का, ते मला कळतं. हाक बाईनं दिली म्हटलं की तुझ्या त्या रापणवाल्या मंडळींची नाकं कापली जातील! बायकांनी मासे धुरवावे, विकावे, दोरसुद्धा ओढावा, पण हाक नाही द्यायची. असंच ना?

सोबत एक छोटा स्पीकर धाडतेय, बटण दाबलं की ड्रायव्हरच्या फोनातून घेतलेलं ते गाणं वाजतं, जसंच्या तसं. मामीबरोबर बसून ऐक आणि मग माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हण. डोळे नसतील तर पत्रात म्हण.

सांगायचं म्हणजे शनिवारी मी ते रेडिओवर लावलं. नाव माहीत नाही म्हणून "ओसेकोची बाई" म्हटलं. फोन थांबेनात. एक शिंपी म्हणाला, हे ऐकत मशीन चालवली तर शिवण सरळ येते. माझा मित्र क्वाओ गाणी बांधतो, त्यानं खाली नुसती गिटार आणि दूरवरचा एक ढोल घातलाय. त्या गप्प जागेला मी त्याला हात लावू दिला नाही. आता ते लोकांच्या फोनांतून आपलं आपण फिरायला लागलंय.

तुझी
(अजून रागावलेली) माम्ले

*

ओसेको, २ एप्रिल

माम्ले,

हे पत्र माशांच्या टोपलीत खाली ठेवलंय. वाचलंस की चुलीत घाल. मामाच्या पत्राची वाट बघू नको, तो काही लिहिणार नाही. का ते सांगते.

तुझा तो डबा आला. हा बाजेवर बसला, डबा कानाशी धरला, डोळे मिटले. शेवटपर्यंत ऐकलं. मी समोरच उभी होते. मग डबा खाली ठेवून म्हणाला, "लाटा छान उतरल्यात. पण पोरगी गाणं भरायला विसरली."

अगं, त्याला तो आवाज ऐकूच येत नाही. तो तुझ्याशी खोटं बोलत नाहीये. जाड आवाज येतो अजून थोडा, ढोल, माझं ओरडणं. पातळ आवाज गेले. पाखरं गेली, पोरंबाळं गेली. त्याचं त्यालाही नीट कळलेलं नाही. त्याला वाटतं, जगच हळू बोलायला लागलंय.

तीन वर्षांपूर्वी त्याची हाक ढळायला लागली. दोर ऐकू येत नाही तर मेळ कसा राहणार? जाळं लागोपाठ फिरलं, एकदा फाटलं. मंडळींची बैठक बसली, याला न बोलावता. कुणी म्हणालं, आंगमोरला घरी बसवा. पण सांगणार कोण? ज्याला त्याला यानंच हाकेवर ओढायला शिकवलेलं. तेव्हा लार्को उठली. आपल्या पलीकडच्या भट्टीवर मासे धुरवते ती, नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. म्हणाली, "ते उभे राहू देत. मी मागं माडापाशी उभी राहून हाक देते. त्यांना कळायचं नाही, आणि तुम्हाला दोर सापडेल." तेव्हापासून असं चाललंय. हा समुद्राकडे तोंड करून हाक देतो, ती लाटांत विरते, आणि माणसं हिच्या हाकेवर ओढतात. जाळं सरळ आलं की सगळे येऊन याच्या पाठीवर थाप मारतात. संध्याकाळी हा मला सांगतो, "तेइकी, आज हाक जमली." मी म्हणते, "जमली हो."

आता तू हे गाणं गाजवायला निघालीस. लार्कोला विचारलं मी. तिचे डोळे चमकले, खोटं कशाला बोलू. भट्टीपुढं बसून ती मलाच विचारत होती, "मामी, खरंच गाडीतली माणसं गप्प होतात?" पण नंतर म्हणाली, "आंगमोरबाबा किनाऱ्यावर उभे आहेत तोवर मी कुठंही गाणार नाही. माझं नाव घेऊ नको म्हणावं."

तेव्हा पोरी, थांबव.

तुझी मामी
तेइकी

*

अक्रा, १० एप्रिल

मामी,

पत्र चुलीत घातलं नाही, जमलं नाही. पण कुणाला दाखवणार नाही. हे पत्र तुझ्या नव्या कापडाच्या घडीत ठेवलंय, मामा कापडाला हात लावत नाही म्हणून.

ते "गाणं भरायला विसरली" वाचलं आणि मला माझं मागचं पत्र आठवलं. त्याला काय काय लिहिलं मी! त्या माडाच्या आणि समुद्राच्या मधे तो एकटा डोळे मिटून उभा आहे आणि पाण्याखालचं जाळं बघतोय, हे काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

पण थांबवू कसं? हवेत सोडलेलं परत डब्यात कसं घालायचं? परवा आशायमानला एका लग्नात गेले होते. गाणं लागलं आणि पोरांनी आपोआप दोन ओळी केल्या. नसलेला दोर हातात धरला आणि मागं वाकून ओढायला लागले. गप्प जागा आली की सगळे जागच्या जागी थांबायचे, नवरीसकट. नवरीच्या आजीनं माझा हात धरला न् म्हणाली, "हे आमच्याकडचं आहे गं. मी लहानपणी ऐकलंय." तिथं मला कळलं की मी हे शोधलेलं नाही. ते होतंच.

नाव घेणार नाही, शब्द देते. रेडिओवर "ओसेकोची बाई" एवढंच राहील. जलशाच्या लोकांना मात्र अजून नाही म्हटलेलं नाही. लार्कोचे डोळे चमकले असं तू लिहिलंस ना, तेवढ्यावर मी अडून बसलेय.

तुझी
माम्ले

*

ओसेको, २८ मे

माम्ले,

मौनाचा महिना बसलाय. पुजाऱ्यानं दाणा पेरला, आता तो वर येईपर्यंत ढोल नाही, टाळी नाही, हाक नाही. दाण्याला झोप हवी. सारं गाव दबक्या पावलांनी चालतंय, भांडणंसुद्धा हातवारे करून चाललीत. मला लहानपणापासून हा महिना आवडतो. या दिवसांत सगळेच माझ्यासारखे होतात असं तुझी मामी एकदा म्हणाली, आणि मग लगेच उठून आत गेली. तेव्हा मला काही कळलं नव्हतं.

या महिन्यात आम्ही रापण ओढत नाही, तुला ठाऊक आहे. पण यंदा तारली इतकी जवळ आली की लाटेत उभं राहिलं तर पायांना लागायची. मंडळी म्हणाली, हाक न देता ओढू, आंगमोर पांढरं फडकं हलवेल. फडकं दिसायचं तर माझं तोंड माणसांकडे हवं. आयुष्यात पहिल्यांदा मी समुद्राकडे पाठ करून, डोळे उघडे ठेवून उभा राहिलो.

फडकं वर केलं. दोर चालले. किती सुंदर चालले म्हणून सांगू, दोन्हीकडची माणसं एकदम वाकत होती, एकदम थांबत होती. मग मी त्यांचे डोळे बघितले. एकाचाही डोळा माझ्या फडक्यावर नव्हता. डावा दोर उजवीकडे बघत होता आणि उजवा डावीकडे, आणि त्या नजरा जिथं मिळत होत्या तिथं माडाला टेकून लार्को उभी होती. तिचे ओठ हलत होते, ओठांबरोबर सारं अंग झुलत होतं. आवाज नाही, नुसते ओठ. आणि ओठ मिटून ती थांबली की साठ माणसं थांबत होती.

मी फडकं हलवत राहिलो. दुसरं काय करणार? जाळं आलं. सरळ आलं. सगळे माझ्या पाठीवर थाप मारायला आले, आणि प्रत्येक थापेबरोबर मला एकेक कळत गेलं. साऱ्या गावानं मला मामा बनवलं, आणि मी खरा मामा तर फक्त तुझा.

घरी येऊन मामीला काही विचारलं नाही. दोन दिवस जेवलो नाही. फार राग आला, माम्ले. मेलेल्या माणसाला कपडे घालून ओसरीवर बसवावं तसं यांनी मला उभं केलं असं वाटलं. मग चालत शिवेबाहेर हमरस्त्यावर गेलो. तिथं आपली पत्रं नेणारा मासळीचा गाडीवाला थांबतो. त्याला म्हटलं, "ती ओसेकोची बाई लाव." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं गाडीतल्या मोठ्या स्पीकरवर लावलं, आणि मी त्या खोक्यावर तळहात ठेवला.

लांब. लांब. मग काही नाही. मग छोटी.

ती गप्प जागा माझी आहे. माझ्या मामानं मला दिली होती. समुद्र दोर मागं ओढतो तेवढा वेळ त्याला द्यायचा, असं तो म्हणायचा. माझ्या हाकेतून ती कधी निघून गेली मला माहीत नाही. त्या पोरीनं ती जशीच्या तशी ठेवलीय. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी रडलो. गाडीवाला बिचारा पाणी घेऊन आला.

सगळं तुला माहीत होतं ना? मामीच्या नव्या कापडाला यंदा कागदाचा वास येतोय, आणि मी बहिरा आहे, नकटा नाही.

जलशाचं काय ते नंतर बघू. मौन संपेपर्यंत मला काही सांगू नका.

आंगमोर

*

अक्रा, ६ जून

मामा,

हो, माहीत होतं. एप्रिलपासून.

जलशाच्या लोकांना सांगून टाकते की माझ्याकडे कुणी नाही. खूप वर्षं वणवण केली, आणखी एक वर्ष करेन. तू फक्त पुढच्या वेळी पत्राखाली "मामा" लिही. नुसतं "आंगमोर" वाचून मला रात्रभर थंडी वाजत होती.

इथं कानांचे एक डॉक्टर आहेत. येशील?

तुझी
माम्ले

*

ओसेको, ४ जुलै

माम्ले पोरी,

दाणा वर आला. ढोल वाजले. मला पायातून कळले.

मौन उठल्यावरची पहिली रापण काल झाली. सगळे किनाऱ्यावर माझी वाट बघत थांबलेले. मी गेलो, माझ्या जागेवर उभा राहिलो, आणि वळून लार्कोला हातानं खूण केली, ये म्हटलं. ती हलेना. मी गेलो तिच्याजवळ. ती काहीतरी म्हणत होती, मान हलवत होती. म्हटलं, "मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही." सगळ्या किनाऱ्यासमोर म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं. तुझी मामी तोंडात पदर धरून खाली बसली.

मग लार्को ओरडली ते मला ओठांवरून कळलं: "तुम्ही उभे नसाल तर मी हाक देणार नाही, बाबा!"

"अगं, उभाच राहणार आहे," मी म्हणालो. "दोरावर."

डाव्या दोराचं शेवटचं टोक धरलं. हाकाऱ्या झाल्यापासून मी दोराला हात लावला नव्हता, हातांची सालटी पहिल्या ओढीतच निघाली. पोरं हसत होती. डोळे मिटले. आणि माम्ले, मला ती ऐकू आली! अगदी नीट. दोरातून. तिनं हाक दिली की माझ्यापुढच्या तीस माणसांचं ओझं एकदम माझ्या तळहातात यायचं, लांब, लांब. मग दोर गप्प व्हायचा. त्या गप्प जागेत पलीकडून समुद्र ओढायचा. मग छोटी. इतकी वर्षं मी हाक दिली, पण ती दुसऱ्या टोकाला कशी पोचते ते मला माहीतच नव्हतं. माझ्या मामानं मला ही जागा दिली त्या दिवशी मला वाटलं तसंच काल वाटलं. मी आत जाळं पाहिलं. ते अगदी सरळ येत होतं.

संध्याकाळी मामीला म्हटलं, "तेइकी, आज हाक जमली." तिनं माझे हात तेल लावून बांधले.

जलशाच्या लोकांना नाही म्हणून कळवलं असशील तर आता हो म्हणून कळव. लार्को येणार आहे. आजच दोन वेळा विचारून गेली, शहरात मंचावर चपला घालतात का. रेडिओवर आता तिचं नाव घे. लार्को. नीट घे, घाईत घेऊ नको. डॉक्टरकडेही येईन, तू म्हणतेस म्हणून, पण आधी नाही, जलसा झाल्यावर.

एकच कर. मंचावर वाळू नको. एक लांब दोर आण, आपल्या रापणीचाच, ओला. तो समोरच्या त्या तुझ्या नाचणाऱ्या पोरांच्या हातात दे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्याकडे बघून ओढू देत त्यांना. शेवटचं टोक मात्र माझ्यासाठी ठेव. मला गाणं ऐकायचंय.

तुझा
आंगमोरमामा